डावी, तपकिरी, टाच झिजलेली

रविवार, ६ ऑक्टोबर

आज माझ्या डाव्या चपलेचा भर उन्हात, चारचौघांत अपमान झाला. इतिहासानं याची नोंद घ्यायला हवी. तो घेणार नाही — त्याला लढाया पुरतात — म्हणून मी घेतो.

धक्क्यावरच्या मासळीच्या हॉटेलात टेबल राखून ठेवत नाहीत. फोन केला तर तव्यावरची बाई — मालकीण तीच, आचारी तीच, न्यायाधीशही तीच — म्हणते, "या की. आलात की बघू." तिथली पद्धत अशी: आल्या आल्या पायातली एक चप्पल काढून बाहेरच्या कट्ट्यावर रांगेत ठेवायची आणि दुसरीच्या भरवशावर सावली शोधायची. टेबल रिकामं झालं की वाढपी कोळशाचा चिमटा घेऊन बाहेर येतो, पहिली चप्पल उचलतो आणि तिचं वर्णन करून ओरडतो. "निळी, अंगठा तुटलेली!" की निळे लोक आत. मग उरलेली रांग चिमट्यानंच पुढे सारतो. माणसाचं नाव, हुद्दा, ओळखपाळख — काही चालत नाही. एवढी वर्षं पेपरात सदर लिहितोय, पण त्या कट्ट्यावर मी म्हणजे "डावी, तपकिरी, टाच झिजलेली".

ताईला कट्ट्याशेजारी सावलीत बसवलं, काठी तिच्या हातात दिली, चप्पल रांगेत तिसरी लावली आणि गाडी नीट लावायला गेलो. परत येतो तर — तिसरी नाही, शेवटची! पार शेपटाला! आणि माझ्या जागी एक काळी, बक्कलवाली, पॉलिश केलेली, स्वतःवर भलतीच खूश असलेली चप्पल. मालक शेजारीच उभा. डोक्यावर टोपी, टोपीखाली भलंमोठं नाक, आणि त्या नाकाआडून समुद्राकडे बघणारे निरागस डोळे. चोराचे डोळे असेच असतात. समुद्राकडे बघणारे.

सभ्य माणूस भांडत नाही, घरी येऊन लिहितो.

आमच्यापर्यंत चिमटा यायच्या आत मासा संपला. तव्यावरच्या बाईनं आतूनच दोन्ही हात हलवले. माणसं पांगली. ताई गाडीत डोळे मिटून बसली. एक रविवार फुकट गेला! आणि आमच्याकडे रविवार काही पोत्यानं नाहीत.

सोमवार, ७ ऑक्टोबर

राग जरा उतरलाय. आता मुद्द्याचं.

ताईच्या घशाची शस्त्रक्रिया झाली, नाकातली नळी निघाली, ती माझ्याकडे राहायला आली. डॉक्टर म्हणाले, महिनाअखेरीला वजन बघू. वाढलं नाही तर नळी परत, आणि या खेपेला थेट पोटात. "मग ती लवकर निघेलच असं नाही," हे जाता जाता म्हणाले. छत्री विसरू नका म्हणावं तसं.

माझी बहीण शाळेत कवायत शिकवायची. मैदानाच्या या टोकाला तिनं "हुशार!" म्हटलं की त्या टोकाचं कुत्रंसुद्धा ताठ उभं राहायचं. त्या आवाजाचं आता कुजबुजणं उरलंय. म्हणून जुनी शिट्टी गळ्यात घालून फिरते. एक शिट्टी म्हणजे पाणी. दोन म्हणजे टीव्ही बंद कर. तीन म्हणजे "ठोंब्या, इकडे ये" — त्रेपन्नाव्या वर्षी घरात मला ठोंब्या म्हणणारं माणूस आहे, ही चैन सगळ्यांना नसते.

पण खात नाही! मी केलेलं सूप तिनं भांड्यासकट परत केलं.

"हे आजारी माणसाला दे."

"मग तू कोण?"

"मी भुकेली."

"मग काय खाशील ते तरी सांग!"

म्हणाली, "धक्क्यावरचा मासा."

तर तेव्हापासून हे धक्का-प्रकरण. गिळायला शिकवणाऱ्या बाई दर आठवड्याला येतात, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, चालेल. मऊ हवा, ओलसर हवा आणि काटा एकही नको. घास छोटा, हनुवटी छातीला, एकदा गिळायचं, परत गिळायचं, मग श्वास. "पाव मात्र एवढ्यात नाही हं. कोरडा पाव सगळ्यात अवघड. ज्याला पाव गिळता आला तो माझ्या हातातून सुटला."

नळी परत जाणार नाही. मी ठरवलंय. ठरवणं हा माझा पिंड नाही — दुसऱ्यांनी ठरवलेल्याची टिंगल करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. पण हे ठरवलंय.

बुधवार, ९ ऑक्टोबर

आजच्या सदरात टोपीवाल्याला सोलला. मथळा: 'बक्कल आणि अक्कल'. रांगेत चप्पल पुढे सरकवणारा माणूस पुढे काय काय सरकवेल — स्मशानातसुद्धा दुसऱ्याची तिरडी मागे ढकलून आपली आत नेईल, वगैरे. नाकावर तर एक आख्खा परिच्छेद खर्च केला. संपादकांचा फोन: "हसता हसता चहा सांडला हो अंगावर!" माझ्या लिखाणानं एवढं तरी भिजलं.

ताईनं वाचला. दोनदा वाचला. घडी घातली.

"नाव छापलं नाहीस."

"छे! मी काय एवढा हलका आहे?"

"नाक छापलंस."

"कसा झालाय ते सांग ना."

"भाषा झकास," म्हणाली. "पुरावा कमी."

आयुष्यभर शाळेत राहिल्याचा परिणाम. लाल शाई काही सुटत नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

आज चप्पल ठेवली आणि तिथेच उभा राहिलो. पहारा! पुढे पाच चपला, त्यातली पहिली — काळी, बक्कलवाली.

मागच्या बाकावर दोघीजणी. "अगं, हीच ती! बघ, बक्कल!" दुसरीनं मोबाइलवर माझा लेख काढून मोठ्यानं वाचायला घेतला. तिरडीपाशी पोचली तेव्हा आख्खा कट्टा हसला. टोपीवाल्याचे कान लाल झाले. तो समुद्राकडे बघत राहिला. मला बरं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं.

तेवढ्यात ताईला ठसका लागला. खाण्याचा नाही, नुसत्या लाळेचा. थांबेचना. नेमका चिमटा बाहेर आला: "काळी, बक्कलवाली!" टोपीवाला पुढे झाला, चिमट्यातून आपली चप्पल सोडवून घेतली, तिच्या जागी माझी उचलून चिमट्यात दिली आणि स्वतःची माझ्या जागी नेऊन ठेवली. "यांना आधी जाऊ द्या." हे वाढप्याला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हा सरळसरळ सूड आहे! शिवी दिली असती तर दुसरा लेख झाला असता. उपकाराचं काय करायचं माणसानं? आता या नाकाचं माझ्यावर देणं झालं. मला कुणाचं देणं सहन होत नाही, त्यातून नाकवाल्याचं तर मुळीच नाही.

आत कोपऱ्यातलं टेबल मिळालं. मासा आला — आख्खा, तव्यावरून थेट, लिंबाच्या वाफा सोडत. ताईनं डोळे मिटून आधी वास घेतला. मी काटे काढले. म्हणजे मला वाटलं, काढले. पहिलाच घास — हनुवटी खाली, गिळलं — आणि ठसका. असा ठसका की सगळ्या टेबलांवरचे काटे-चमचे थांबले. एकजण पाण्याचा ग्लास घेऊन धावला, दुसरी म्हणाली, "पाठीत मारा, पाठीत मारा!" केसाएवढा काटा निघाला. ताईनं तो रुमालात गुंडाळला, काठी घेतली आणि चालायला लागली. मासा तसाच राहिला, आमच्याकडे बघत.

गाडीत: "परत नाही यायचं."

"पुढच्या रविवारी यायचंय."

"लोक बघतात रे."

"ताई, मला पोहायला शिकवताना तू काय केलं होतंस?"

"ढकललं होतं."

"मग झालं तर."

सोमवार, १४ ऑक्टोबर

ताई जेवली नाही. मीही नाही जेवलो. नंतर स्वयंपाकघराचं दार लावून जेवलो.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

एकटाच धक्क्यावर गेलो. मंगळवारी रांग नसते. तव्यावरची बाई तवा घासत होती. म्हटलं, बाई, एक विनंती आहे. काटे काढून, कुस्करून मिळेल का?

"कुस्करलेला मासा मी मांजरालाही घालत नाही."

"माझ्या बहिणीला—"

"पाहिलंय मी. मासा आख्खा येणार, डोक्यासकट. ताटात काय आहे ते माणसाला दिसायला हवं. मी फार तर झाकण ठेवून वाफेवर करीन, वर लोण्याचा दाट रस घालीन. मऊ राहील, काटाही सुटा होईल. पण काढायचा तुम्ही."

"मला ते जमत नाही हो."

"मग काय जमतं? लिहायला?" आता घासणी थांबली. "ते बक्कलवालं तुमचंच ना? वाढप्यानं वाचून दाखवलं. त्या गिऱ्हाइकाला मी सासऱ्यांच्या वेळेपासून बघतेय. कधी कुणाच्या चपलेला हात लावला नाही त्यांनी."

"डोळ्यांनी पाहिलंय मी!"

"काय पाहिलंत?"

चप्पल पाहिली. चप्पल जागेवर नव्हती हे पाहिलं. हलवताना... पण हे मी तिला सांगितलं नाही. तव्यासमोर उभ्या असलेल्या बाईशी वाद घालू नये, तिच्या हातात उलथनं असतं.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

बाजारातून मासे आणले, वाफवले, आणि टेबलावर दिवा ओढून बसलो. शस्त्रक्रिया चालू. पहिल्या माशाची कणीक झाली. दुसऱ्याचा पुतळा झाला — कण्याला मांसच उरलं नाही. ताई समोर खुर्ची टाकून परीक्षकाच्या चेहऱ्यानं. मी "झाला साफ!" म्हटलं की बशी पुढे ओढायची, बोटाच्या पेरानं चाचपायची आणि काटा लागला की — फुर्रर्र! शिट्टी.

"आधी कण्याच्या बाजूनं चीर दे. मग वरची फळी उचल. शेपटाकडून, डोक्याकडून नाही. हावरटासारखा काय तुटून पडतोस!"

"तुला एवढं येतं तर लहानपणी मला आख्खा का वाढायचीस?"

"म्हटलं शिकशील. नाही शिकलास."

एकदा मलाच काटा सापडला, तिच्या आधी. मी तोंडानं शिट्टी वाजवली. ताई हसली. आवाज नाही, नुसते खांदे हलले. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा.

वासानं शेजारची दोन मांजरं दारात येऊन बसलीत. कुस्करलेलं आहे, तरी तक्रार नाही त्यांची. तव्यावरच्या बाईला सांगायला हवं.

शनिवार, १९ ऑक्टोबर

पाचवा मासा. एकही शिट्टी नाही!!

रविवार, २० ऑक्टोबर

सकाळी ताई तयार नाही. पोट दुखतंय. मग म्हणे गुडघा. मग म्हणे वारा फार आहे. हे सगळे बहाणे मला तोंडपाठ आहेत — गणिताच्या तासाला मीच शोधलेले. तिच्या दाराशी जाऊन तीन शिट्ट्या मारल्या, तोंडानं. आली.

कट्ट्यावर लवकर पोचलो. बक्कल दिसली नाही. वाढप्याला सहज — अगदी सहज — विचारलं. म्हणाला, "ते साहेब आता रविवारचे येत नाहीत. मंगळवारी आले होते, तुम्ही गेल्यावर. म्हणाले, गर्दी नको." आणि चिमटा आपटत आत गेला. चिमटा जरा जोरात आपटला, का मलाच वाटलं?

असो. आज दुसऱ्या कशाचा विचार करायचा नव्हता.

मासा आला. वाफेचा, लोण्याच्या रसात बुडालेला, डोक्यासकट. मी बाह्या सारल्या. कण्याच्या बाजूनं चीर. शेपटाकडून फळी. एकेक पापुद्रा बोटांनी चाचपून बशीत. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी स्वतःचं खाणं सोडून माझ्याकडे टक लावली, तेव्हा म्हटलं, "घड्याळ दुरुस्त करतोय, पडलंय आत." ते लगेच पावाकडे वळले.

ताईनं बशी ओढली. बोटानं चाचपली. शिट्टी ओठांपर्यंत नेली... आणि खाली ठेवली.

पहिला घास. हनुवटी छातीला. एकदा. परत. श्वास.

मी बघायचं नाही म्हणून समुद्राकडे बघत होतो. कळलं की समुद्राकडे बघणारी माणसं नेहमी समुद्रच बघतात असं नाही.

दुसरा घास. तिसऱ्याला बारीक ठसका — मी खुर्चीतून अर्धा उठलो! — पण तिनं हात वर केला, थांब, आणि गिळलं. मग खात राहिली. आमच्यानंतरची दोन टेबलं उठली. वाढपी टेबलं पुसायला लागला, आमचं सोडून. तव्यावरची बाई दारात येऊन उभी राहिली, ताटातल्या कण्याकडे पाहिलं. "आता कसं," म्हणाली. माझ्या लिखाणाला एवढं छोटं आणि एवढं मोठं परीक्षण कधी मिळालेलं नाही.

परतताना ताई: "डोकं राहिलं."

"पुढच्या रविवारी."

बुधवार, २३ ऑक्टोबर

सदरात खड्ड्यांवर लिहिलं. खड्ड्यांना नाक नसतं. संपादकांचा फोन नाही, चहाही सांडला नसावा.

गेले तीन दिवस ताई सूपसुद्धा पिते. कुरकुरत, पण पिते. म्हणते, धक्क्यावरच्या बाईचं बघून तरी मीठ घालायला शिक. सूप तेच, मीठ तेच. भूक नवी.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

दवाखाना. ताई काट्यावर चढली. डॉक्टरांनी चष्मा वर केला, खाली केला. मी मनातल्या मनात त्यांच्यावर एक लेख लिहून ठेवला होता, तिखट, लागलाच तर असावा म्हणून.

"वाढलंय. फार नाही, पण वाढलंय. नळी नको."

फाडला तो लेख.

ताई काट्यावरून उतरेना. म्हणाली, "परत एकदा बघा. याचा कशावरही विश्वास बसत नाही, पुरावा लागतो." आणि का कोण जाणे, माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघायला लागली.

गिळायला शिकवणाऱ्या बाईंना फोन केला. म्हणाल्या, मग आता पावाचं बघायला हरकत नाही. छोटा तुकडा, चावून चावून. ताईंना वाटेल तेव्हा.

रविवार, २७ ऑक्टोबर

रांगेत दुसरे होतो. उशिरा एक गृहस्थ आले. टोपी नाही, बक्कल नाही. उघडं टक्कल, कपाळावर टोपीनं राखलेला पांढरा पट्टा, पायात नव्याकोऱ्या निळ्या रबरी चपला. नाक तेच. एक चप्पल काढून त्यांनी शेवटी ठेवली आणि समुद्राकडे बघत उभे राहिले.

ताईनं माझ्या कोपराला काठी टोचली.

"त्या दिवशी तुझी चप्पल मी मागे नेली होती. या काठीनं."

"काय?"

"तू गाडी लावायला गेलास तेव्हा. भीती वाटली रे. म्हटलं, संपू दे मासा."

"आणि लेख आला तेव्हा?"

"तू केवढा खूश होतास."

मी उठलो. एका अनवाणी पायानं रांगेच्या शेवटाला गेलो. निळी उचलून आमच्या जागी ठेवली, माझी तिच्या जागी. ते समुद्राकडेच बघत होते.

थोड्या वेळानं चिमटा आला: "निळी, रबरी, नवीकोरी!" ते दचकले. पुढे पाहिलं, मागे पाहिलं. मग आत गेले.

आमच्या आधी मासा संपला. तव्यावरच्या बाईनं बाहेर कट्ट्यावरच पाव पाठवला. ताईनं कोरडाच तुकडा तोडला, चावला, चावला, हनुवटी छातीला टेकवली.

दोनदा गिळलं. मग श्वास.